ओबरहाल्डेनला कळवायचं राहिलं होतं

जर्मनीहून आल्यापासून जो तो मला दोनच गोष्टी विचारतो. थंडी फार होती का, आणि खायचे हाल झाले का. थंडी नव्हती, सप्टेंबर होता. खायचं म्हणाल तर जावयांनी रोज गरम पोळी खायला घातली, पोळ्या मीच लाटल्या ही गोष्ट वेगळी. पण तिकडे कशाला गेला होतात, हे कोणी म्हणजे कोणी विचारत नाही. म्हणून आता आपणहूनच सांगते. मी एका बाईच्या मरणाची बातमी तिच्या घरी द्यायला गेले होते. बाईला जाऊन सव्वाशेच्या वर वर्षं झाली होती.

व्हिसाच्या अर्जावर 'मुलीची भेट' लिहिलं होतं, तेही खोटं नव्हतं. माझी केतकी आणि जावई अमोलराव स्टुटगार्टला असतात. ती सॉफ्टवेअरमध्ये, ते गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत कंत्राटावर. पण निघायच्या आदल्या दिवशी ताईआत्याने मला जवळ बसवलं आणि एक कागद हातात ठेवला. ताईआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. वय अठ्ठ्याऐंशी, दात एकही नाही, कान मात्र माझ्यापेक्षा तिखट. नाशिकला माझ्या भावाकडे असते.

त्या कागदाची हकीकत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आमचं गाव इगतपुरीच्या घाटाखाली. रेल्वेच्या कामावर एक इंग्रज साहेब होता, त्याच्या मुलांना शिकवायला एक जर्मन बाई आली. साहेब विलायतेला परतला, बाई राहिली. गावात दोन खोल्यांत तिने मुलींची शाळा काढली. माझे खापरपणजोबा पंतोजी होते, ते तिला मराठी शिकवायचे. मग पटकीची साथ आली. पंतोजींचा आठ वर्षांचा मुलगा आजारी पडला. आई आधीच गेलेली, शेजारीपाजारी उंबऱ्यात यायला तयार नाहीत. बाई चार दिवस त्याच्या उशाशी बसली, चमच्याने पाणी घालत राहिली. पोरगा वाचला. पाचव्या दिवशी बाई पडली आणि दुसऱ्या दिवशी गेली.

तो पोरगा म्हणजे ताईआत्याचे आजोबा. तो वाचला नसता तर आत्या नाही, माझे वडील नाहीत, मी नाही, केतकीही नाही.

जाण्याआधी बाईने पंतोजींना आपलं नाव-गाव सांगितलं आणि म्हणाली, "माझ्या आईला कळवा." पंतोजींनी ते मोडीत लिहून घेतलं, ती गेल्यावर खाली तारीखही घातली. रेल्वेच्या कचेरीत गेले, तर तिथला कारकून म्हणाला, आम्ही कळवू, तुम्ही जा. पंतोजींना काही पटलं नाही, पण इंग्रजी कुठे येत होतं! कागद घरातच राहिला. आजोबा अगदी शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत, "तेवढं कळवायचं राहिलं."

"तू म्हणे जुने कागद वाचतेस," आत्या मला म्हणाली. "जन्मभर सरकारचे वाचलेस. आता घरचा एक वाच. माझे किती दिवस राहिलेत गं?"

मी चौतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात काढली. मोडी मला वर्तमानपत्रासारखी वाचता येते. बाईची कबर मी स्वतः मोजलेली आहे. सातबाऱ्यावर तेवढा तुकडा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा म्हणून लावलेला आहे, आणि दरवर्षी आमच्या घरातलं कोणीतरी जाऊन तिला चुन्याचा हात देतं. तेव्हा हे काम माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं नव्हतंच.

मंगळवार, स्टुटगार्ट

हे शहर वाडग्यात बसवल्यासारखं आहे. दूध आणायला जा, नाहीतर बस पकडायला, एकतर चढा नाहीतर उतरा. फुटबॉलचा विश्वचषक उन्हाळ्यात होऊन गेला होता, तरी काही गच्च्यांवर झेंडे अजून लटकत होते. केतकीच्या दाराला त्या आठवड्यात एक पाटी अडकवलेली होती, 'केअरवोखे'. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. मला तर ही पद्धत एकदम पसंत पडली. दोघं कामावर गेल्यावर मी तीन मजले झाडले, पुसले, आणि हाताला सवय म्हणून प्रत्येक दारापुढे चार बोटांची रांगोळी काढली. पाकीट मी नाशिकहून नेलंच होतं.

संध्याकाळी खालचे म्हातारे गृहस्थ वर आले. जिन्यात पांढरी पावडर सांडली आहे म्हणाले. अमोलरावांनी त्यांना रांगोळी म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फार सुंदर आहे म्हणाले, आणि पुढे म्हणाले, पण झाडल्यावर जिन्यात काही राहता कामा नये, असा नियम आहे. पुसली मी. चौतीस वर्षं लोकांना हेच तर ऐकवत आले होते.

रात्रीच्या जेवणानंतर कागद काढला. मी मोडी वाचत गेले आणि अमोलराव संगणकावर नकाशा शोधत गेले. 'पावलीना योहान श्वेंक, मौजे ओबरहाल्डेन.' ते एकदम खुर्चीत ताठ झाले. "अहो आई, हे इथून सव्वा तासावर आहे! मी शेजारच्या गावात सायकल चालवायला जातो."

केतकीला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. "मी नेतो," अमोलराव म्हणाले. लग्नाला सात वर्षं झाली, पण मी आणि जावई दहा मिनिटांच्या वर एकटे कधी बसलो नव्हतो. ते 'अहो आई' म्हणतात, मी 'अमोलराव, तुम्ही' म्हणते, चहा विचारते, आणि तिथे आमचं संभाषण संपतं.

बुधवार, ओबरहाल्डेन

रस्ता सफरचंदांच्या झाडांमधून जातो. अशी झाडं की खाली सडा पडलाय आणि उचलायला माणूस नाही. मी तीनदा "अगं बाई, वाया चाललीत" म्हटल्यावर अमोलरावांनी गाडी बाजूला घेतली. मी ओचाभर वेचली. ती रस काढायची निघाली, खायला आंबटढाण. मग रस्ता वळणं घेत डोंगरावर चढला आणि वर नुसतं सपाट माळरान, मेंढ्या, पांढरा दगड. पुरंदरच्या अंगाला गेल्यासारखं वाटलं.

गाव म्हणजे पन्नास-साठ घरं, एक चर्च, एक खानावळ. चर्चचं ऑफिस, त्याला तिकडे फारआम्ट म्हणतात, बंद होतं. दारावर वेळ लिहिली होती, मंगळवार आणि गुरुवार, नऊ ते अकरा. अमोलरावांचा चेहरा उतरला. "मी फोन करायला हवा होता. सॉरी, आई."

"असू द्या हो," मी म्हटलं. "पहिल्या खेपेत काम झालं असतं तर मला ते ऑफिसच वाटलं नसतं."

खानावळीत मसुराची उसळ मिळाली, खोटं नाही सांगत. मसुराची उसळ आणि तिच्याखाली जाड्या शेवया. वर दोन सॉसेज होती, ती मी अमोलरावांच्या ताटात सरकवली. फोडणी नाही, तिखट नाही, वर थोडा व्हिनेगर, पण उसळ ती उसळ. मी पुसून खाल्ली.

परतताना गाडी पुन्हा सफरचंदांच्या झाडांत शिरली. मग अमोलराव रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आई, तुम्ही ज्या कामासाठी आलात ना, ते मला पटलं. बाबा गेले तेव्हा मला कोणी सांगितलंच नाही. 'सीरियस आहेत, ये' एवढंच. मी विमानात आठ तास देवाला नवस बोलत होतो. आणि तेव्हा त्यांना नेऊनसुद्धा झालं होतं."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. कारण त्या दिवशी त्यांच्या घरी जमलेल्या माणसांत मी होते. 'अमोलरावांना आत्ता सांगू नका, एकटे आहेत, प्रवास आहे,' हे सगळ्यांत आधी मीच म्हटलं होतं. आपल्याकडे असंच करतात, माणूस घरी पोचेपर्यंत लपवून ठेवतात, आणि त्यातच माया आहे असं आपण धरून चालतो.

"ते मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "मीच म्हटलं होतं, सांगू नका म्हणून. चुकलं माझं, अमोलराव."

त्यांनी गाडी हळू केली. "आल्झो," म्हणाले शेवटी, म्हणजे तिकडचं 'तर मग', आणि बाहीने डोळे पुसले. मी पिशवीतला रुमाल दिला. घरी पोचेपर्यंत ते मला त्यांच्या बाबांबद्दल सांगत होते. मी या जावयाशी सात वर्षं चहापुरतं बोलले होते, मला माझाच राग आला.

गुरुवार, पुन्हा ओबरहाल्डेन

नऊच्या ठोक्याला दारात हजर. सायकलवरून एक तिशीची, केस बारीक कापलेली मुलगी आली आणि कुलूप उघडू लागली. मला वाटलं शिपाईण. तीच पाद्री होती! मी अमोलरावांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. आमच्या गावात बाईला अजून देवळाच्या गाभाऱ्यात जाऊ देत नाहीत, आणि इथे अख्खा गाभारा हिच्या ताब्यात.

तिने कपाटातून जाडजूड वह्या काढल्या. प्रत्येक घराला एक पान. नवरा-बायको वर, खाली मुलं, जन्म, लग्न, मरण, एकेक रकाना. मला माहेरी आल्यासारखं झालं. अक्षर जुन्या वळणाचं, तिलाही बोट ठेवून सावकाश वाचावं लागत होतं. मी तिला माझा मोडीचा कागद दाखवला. आम्ही दोघी एकमेकींच्या कागदांकडे पाहून हसलो.

पण काम अडलं. त्या काळात गावात निम्मी घरं श्वेंक, आणि त्यांत पाउलीना तीन. कुठली आपली? "शिवाय हे 'योहान' चुकलंय," पाद्रीबाई म्हणाल्या. "योहान पुरुषाचं नाव. मुलीचं दुसरं नाव योहान असूच शकत नाही."

मी उडालेच. "अहो, बापाचं नाव ते! आमच्याकडे मुलीचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. पंतोजींनी आपल्या पद्धतीने लिहिलंय. योहानची मुलगी पाउलीना बघा!"

अमोलरावांनी सांगितलं मात्र, ती "गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत पानं उलटायला लागली. एकीचा बाप याकोब. दुसरीचा मातेउस. तिसरीचा योहान, धंदा विणकर. सहा मुलं, त्यातली तीन लहानपणीच गेलेली. पाउलीना चौथी. लग्नाचा रकाना रिकामा. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पूर्व हिंदुस्थानात गेली.' तेव्हा तिकडे आपल्या देशाला असंच म्हणत. आणि मरणाचा रकाना कोरा.

शेजारचे सगळे रकाने भरलेले आणि हा एकटा कोरा. चौतीस वर्षांत मी हजारो कोरे रकाने पाहिले असतील, पण त्या दिवशी डोळ्यांना धार लागली. कारकुनाने कळवलंच नव्हतं. आजोबांना वाटत होतं ते बरोबर होतं.

पाद्रीबाईंनी पुढची पानं लावली. पाउलीनाची धाकटी बहीण रोझीना, तिची मुलगी, आणि त्या मुलीची मुलगी हेडविग. "हेडविगबाई? ती आत्ता बाकहाउसमध्ये असेल. आज गुरुवार आहे."

बाकहाउस म्हणजे गावाची सामाईक भट्टी, एका खोलीएवढं दगडी घर. ज्याची पाळी असेल त्याने लाकडं पेटवायची आणि आपले पाव भाजायचे. दारात फुलाफुलांचा एप्रन बांधलेली एक उंच म्हातारी लांब फळीने पाव बाहेर काढत होती. पाद्रीबाईंनी आमची ओळख करून दिली. म्हातारीने मला पायाच्या चपलांपासून कपाळाच्या टिकलीपर्यंत न्याहाळलं आणि अमोलरावांना विचारलं, "जमिनीचा काही दावा आहे का?"

मला हसूच आलं. तिच्या जागी मी असते तर पहिला प्रश्न हाच केला असता.

"सांगा तिला," मी म्हटलं, "दावा काही नाही. तिच्या आजीची बहीण पाउलीना वारली, ते कळवायला आलोय."

अमोलराव घुटमळले. "आई, असं एकदम कसं सांगू?"

"जसं सांगतात तसं सांगा. लपवून फार झालं."

त्यांनी सांगितलं. पटकी, पंतोजींचा मुलगा, चार दिवस, चमच्याने पाणी, सगळं. म्हातारीने हातातला पाव खाली ठेवला. फळी भिंतीला लावली. एप्रनला हात पुसले, माझ्यासमोर आली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"तुमच्या दुःखात सहभागी आहे म्हणते," अमोलराव म्हणाले. "तुमच्याच घरात गेली ना ती."

मग आम्ही दोघी तिथेच बाकावर बसून रडलो. भाषा एकीची एकीला कळत नव्हती, पण अडत नव्हतं. पाव मात्र थोडे करपले.

हेडविगआजी पुढे जे बोलली ते ऐकून मी चरकले. पाउलीनाची पत्रं यायची आणि मग एकदम थांबली. तिची आई किती वर्षं टपालवाल्याची वाट बघत बसायची. शेवटी घरात सगळ्यांनी धरून चाललं की पोरगी तिकडे एखाद्या साहेबाशी लग्न करून मोठी झाली आणि आपल्याला विसरली. रोझीना आजी घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला बजावायची, पाउलीनासारखं करू नका, पत्र टाकत जा. हेडविगने ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं. दुसऱ्याचं पोर वाचवताना गेलेल्या बाईला स्वतःच्या घरात कृतघ्न ठरवलं होतं, आणि ते आमच्या कपाटात पडून राहिलेल्या एका कागदामुळे. मी हात जोडले. "आम्हाला उशीर झाला, माफ करा," एवढंच म्हणता आलं.

"पाउलीनाच्या आईची कबर दाखवता का?" मी विचारलं. माझ्या मनात होतं की चार फुलं ठेवावीत. पाद्रीबाई आणि हेडविगआजी एकमेकींकडे बघायला लागल्या. कबर नाही. तिकडे म्हणे कबरीची जागा वीस-पंचवीस वर्षांपुरती देतात. मुदत संपली की दगड काढतात, आणि त्याच जागी दुसऱ्या कोणाला. योहान नाही, त्याची बायको नाही, रोझीना नाही. हेडविगच्या आईवडिलांची जागासुद्धा गेली होती. मला ऐकवेना. आपल्याकडे जाळतात, राख नदीला जाते, त्याची सवय आहे. पण पुरायचं आणि मुदत घालायची!

मी पिशवीतून बाईच्या कबरीचा फोटो काढला. चिंचेखाली, चुन्याने पांढरी केलेली, कडेला झेंडूचं रोप. हेडविगआजीने चष्मा लावून तो खूप वेळ पाहिला.

"म्हणजे आमच्या घरातली तीच एकटी अजून जागेवर आहे," ती म्हणाली.

परत ऑफिसात आल्यावर पाद्रीबाईंनी पेन्सिल घेतली आणि कोऱ्या रकान्यात तारीख आणि गावाचं नाव लिहिलं. शाईने लिहायची परवानगी नाही म्हणाल्या. बरोबरच आहे, मीही दिली नसती. आमच्याकडे तर नोटीस, हरकती, पंधरा दिवस. बातमी देणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मी ताईआत्याचं नाव सांगितलं.

आम्ही निघालो तशी हेडविगआजी पाद्रीबाईंना काहीतरी ठणकावून सांगू लागली. गावातलं कोणी गेल्याची बातमी आली की चर्चची घंटा वाजवतात. "बातमी आत्ता आली ना? मग पाउलीनासाठी आता वाजवायची." पाद्रीबाई चाचरल्या, आधी मंडळाला विचारायला हवं म्हणाल्या. हेडविग म्हणाली, विचारा, मंडळावर माझा पुतण्या आहे.

शनिवार

तिसऱ्यांदा तोच रस्ता. या वेळी केतकीही होती. हेडविगआजीने काळा कोट घातला होता आणि तिच्याबरोबर गावातल्या नऊ-दहा बायका आल्या होत्या, सगळ्या काळ्या कपड्यांत. मी पांढरी साडी नेसले होते, ती बघून त्यांतल्या एकीने मला आपल्या शेजारी जागा करून दिली.

मंडळाने होकार दिला होता, घंटा अकराला वाजणार होती, त्याला थोडा वेळ होता. अमोलरावांनी नाशिकला फोन लावला. वहिनीने आत्याच्या कानाला धरला. मी सगळं सांगितलं, बाईची आई वाट बघायची तेही. ती हुं हुं करत ऐकत होती. पाद्रीबाईंनी भिंतीवरची एक पेटी उघडली आणि विजेचं बटण दाबलं. मला दोर ओढताना बघायचं होतं, जरा हिरमोड झाला. पण वर घंटा हलली आणि तो आवाज छातीत जाऊन आदळला. अमोलरावांनी फोन हात लांब करून दाराबाहेर धरला. घंटा पुष्कळ वेळ वाजली. हेडविगआजी मान खाली घालून उभी होती. रस्त्याने जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबला, त्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढली.

आवाज थांबल्यावर मी फोन कानाला लावला.

"संपली?" आत्याने विचारलं.

"संपली."

"म्हणजे कळलं त्यांना."

"हो गं आत्या. कळलं."

मग तिचा आवाज आला, पण माझ्याशी नव्हे, वहिनीशी बोलत होती. "अगं, बंब पेटव. पाणी काढ माझं अंघोळीचं."

"आत्ता?" मी म्हटलं. "तिकडे अडीच वाजले असतील. सकाळी झाली ना तुझी अंघोळ?"

"माणूस गेल्याचं कळल्यावर डोक्यावरून अंघोळ करतात, तुला सांगायला हवं का?" आत्या रडत होती आणि रागावतही होती. "आपल्याकडे कोणी केली नाही बाईच्या नावाची. पंतोजींनी करू दिली नाही. म्हणायचे, तिच्या आईला कळायच्या आधी आपण कशी करायची? ठेव आता फोन."